परसातला पॉपॉ

१
एप्रिलचा तिसरा आठवडा. कोलंबस, ओहायो. झाडावर अजून एक पान नाही आणि फुले आली. रंग पिकल्या जांभळाच्या सालीसारखा, तोंड जमिनीकडे. फांदीखाली बसून वर पाहिल्याशिवाय फूल नीट दिसत नाही.

२
पॉपॉ म्हणजे पपई नव्हे. सासवडला फोन केला की दर वर्षी हे सांगते. घोळ जुना आहे. इथे आलेल्या युरोपियन लोकांनी या फळाला पपईचे नाव दिले आणि ते चिकटले. ऑस्ट्रेलियात आजही पपईलाच पॉपॉ म्हणतात. आमच्या परसातल्या झाडाचे शास्त्रीय नाव असिमिना ट्रायलोबा. कूळ सीताफळाचे.

३
या कुळातली आपल्या ओळखीची मंडळी: सीताफळ, रामफळ, मामफळ, हिरवा चाफा, आणि पुण्यातल्या सोसायट्यांच्या कुंपणाला ओळीने उभा असतो तो उंच खोटा अशोक. सगळी उबेतली. पॉपॉ तेवढा उत्तरेकडे सरकत कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या दक्षिण टोकापर्यंत गेला. हिवाळ्यात पाने गाळतो आणि उणे पंचवीस अंशांतही तग धरतो.

४
अमेरिकेच्या मातीतले, झाडावर लागणारे, खाण्याजोगे, सर्वांत मोठे फळ हेच. माझ्या नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये आंबा मिळतो, डाळिंब मिळते, फणसाचे कापही मिळतात. हे मिळत नाही.

५
पहिले झाड २०१४ मध्ये लावले. रोपवाटिकेत विचारले होते, "एक पुरेल का?" उत्तर आले, "पुरेल." २०१७ मध्ये फुले आली, २०१८ मध्ये त्याहून जास्त आली. दोन्ही वर्षी मेअखेर सगळी गळाली. फळ एकही नाही.

पॉपॉचे फूल आधी मादी असते, मग नर. स्त्रीकेसर चिकट होऊन परागाची वाट पाहत असतात तेव्हा त्याच फुलातले पुंकेसर मिटलेले असतात. पुंकेसर उमलेपर्यंत स्त्रीकेसर वाळलेले. शिवाय झाड स्वतःचा पराग सहसा स्वीकारत नाही. त्याला दुसऱ्या रक्ताचे झाड लागते.

६
मधमाश्या याच्याकडे फिरकत नाहीत. येतात त्या माश्या आणि बारके भुंगे. फुलाला आंबूस, किंचित सडका वास असतो आणि तो त्यांच्यासाठीच असतो. फळे जास्त धरावीत म्हणून काही जण फुलोऱ्याच्या दिवसांत झाडाला मांसाचे तुकडे टांगतात. आम्ही ब्रश घेतो.

७
ओळखीच्या एका आजोबांची ओढ्याकाठी जागा आहे. तिथे पॉपॉची राई आहे. मी मोजली तेव्हा चाळीसेक खोडे भरली. आजोबा म्हणाले, "माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे. फळ मात्र हाताच्या बोटांवर मोजावं एवढं."

पॉपॉ मुळांतून फुटवे काढत पसरतो.

चाळीस खोडे. झाड एक.

८
२०१९ चा एप्रिल. आजोबांच्या राईतून पराग आणला. न्यायला हलकी, झाकणाची डबी हवी होती. देवघरातला कुंकवाचा जुना करंडा धुऊन, पुसून, उन्हात वाळवून घेतला. पक्व फुलातला पुंकेसरांचा गोळा सैल होतो. फूल करंड्यावर धरून टिचकी मारली की करड्या पिवळ्या रंगाचा भुगा पडतो. घरी येऊन मुलीच्या रंगपेटीतला बारीक ब्रश घेतला आणि अजून हिरवट असलेली, कोवळी फुले निवडली. आतल्या चकाकणाऱ्या टोकांना ब्रश लावत गेले. तीस फुले, पाऊण तास.

जूनमध्ये फांद्यांवर बोटाच्या पेराएवढी हिरवी फळे होती. त्या वर्षी सप्टेंबरात अकरा पॉपॉ मिळाले.

त्याच वर्षी दुसरे झाड लावले, पहिल्यापासून आठ फुटांवर, वेगळ्या जातीचे. आणि परत जाऊन आजोबांच्या राईतल्या फुलांना आमच्या झाडाचा पराग लावून आले.

९
अण्णांना फोनवर सांगितले. सासवडजवळ आमची सीताफळाची बाग आहे. त्यांचे आयुष्य तिच्यात गेले.
"अगं, सीताफळाचंही तसंच आहे की. फूल आधी मादी, मग नर. बारके भुंगे असतात, ते करतात काम."
"तुम्ही कधी ब्रश लावला होता?"
"एकदा एका झाडाला लावून पाहिला. फळं गोल, भरलेली आली. पण दोनशे झाडांना कोण लावणार?"

मला दोनच झाडांना लावायचा असतो.

१०
सीताफळाच्या सालीवरचे डोळे आपण लहानपणापासून पाहतो. एकाच फुलातले अनेक बीजकोश एकमेकांना जुळून एक फळ होते. प्रत्येक डोळा म्हणजे त्यातला एक कोश. पॉपॉच्या फुलातही असे पाच-सात कोश असतात, पण ते जुळत नाहीत. ज्याचे त्याचे वेगळे फळ होते. म्हणून एका देठावर चार-पाच फळांचा घोस लटकतो.

सीताफळाचा एक डोळा म्हणजे पॉपॉचे एक अख्खे फळ.

११
८ मे २०२०. रात्री पारा शून्याखाली गेला. मे महिन्यात. सकाळी पाहिले तर उघडलेली फुले काळी पडली होती. पण पॉपॉची सगळी फुले एकदम उमलत नाहीत, तीन-चार आठवडे थोडी थोडी येत राहतात. मागून आलेल्या फुलांनी त्या वर्षी फळ दिले.

१२
पान चुरगळून हुंगावे. ढोबळी मिरचीसारखा वास येतो, त्यात थोडे डिझेल.

या वासामुळे हरणे पानाला तोंड लावत नाहीत. आमच्या गल्लीत हरणांनी हॉस्टा खाल्ला, ट्यूलिप खाल्ले, गुलाबाच्या कळ्या खाल्ल्या. पॉपॉ शाबूत आहे. फवारणी आजवर एकदाही केलेली नाही.

१३
झेब्रा स्वॅलोटेल. पांढऱ्यावर काळे पट्टे, मागे तलवारीसारख्या दोन लांब शेपट्या. या फुलपाखराची अळी पॉपॉच्या कुळातलीच पाने खाते. इथे उत्तरेत ते कूळ म्हणजे एकटा पॉपॉ. पानातली कडू विषारी द्रव्ये तिच्या अंगात मुरतात आणि पक्षी तिला टाळतात. दक्षिण ओहायोत ओढ्याकाठी हे फुलपाखरू पाहिले. जिथे पॉपॉ तोडला तिथून तेही गेले.

पुण्यात टेल्ड जे नावाचे हिरव्या ठिपक्यांचे फुलपाखरू दिसते. ते अंडी घालते सीताफळावर आणि खोट्या अशोकावर. दोन्ही फुलपाखरे एकमेकांची नातेवाईक आहेत. झाडेही.

१४
बी वाळू द्यायचे नाही. वाळले की मेले. धुऊन, ओलसर शेवाळात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रीजमध्ये तीन महिने ठेवायचे. फ्रीझरमध्ये नाही, गोठले तरी मेले. एप्रिलमध्ये उंच कुंडीत पेरायचे.

मग मे जातो, जून जातो. वर काही दिसत नाही. अशा वेळी कुंडी उकरू नये. कोंब वर येण्याआधी कित्येक आठवडे सोटमूळ खाली उतरत असते. जुलैअखेर मातीत एक बाक दिसतो आणि हळूहळू सरळ होतो.

१५
रोपाला पहिली दोन वर्षे सावली लागते. कडक उन्हात कोवळे रोप करपते. मोठ्या झाडाला भरपूर ऊन लागते. सावलीत ते जगते, पण फारसे फळ धरत नाही. एक जुना पांढरा पडदा मिळाला होता. चार काठ्या रोवून तो रोपांवर ताणला आहे.

१६
कलमी झाड तीन-चार वर्षांत फळाला येते. बियांपासूनचे पाच ते आठ वर्षे घेते. मी २०१९ च्या त्या अकरा फळांच्या बिया पेरल्या. मुलगी तेव्हा तिसरीत होती.

१७
बी चपटे, तपकिरी, चकचकीत, पावट्याच्या दाण्याच्या दुप्पट. एक अडकित्त्याने मधोमध कापले. आत पांढऱ्यावर तपकिरी आडव्या रेषा, थेट सुपारीसारख्या. सीताफळाचे बी कापले तरी अशाच रेषा दिसतात. कुळाची खूण सालीवर दिसत नाही, बियांत दिसते.

१८
१९१६ मध्ये अमेरिकन जेनेटिक असोसिएशनने देशातला सर्वांत चांगला पॉपॉ शोधण्यासाठी स्पर्धा लावली. लोकांनी टपालाने फळे पाठवली. पहिला नंबर दक्षिण ओहायोतल्या आयर्नटनच्या फळाला मिळाला. या फळाचे दिवस आता आलेच, असे तेव्हा वाटले होते.

१९
दिवस आले नाहीत. १९७५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात आनुवंशशास्त्र शिकणाऱ्या नील पीटरसन या विद्यार्थ्याने पहिल्यांदा पॉपॉ खाल्ला आणि ठरवले की याचे काही तरी करायचे. जुन्या बागा, जुने संग्रह धुंडाळून त्यांनी बिया जमवल्या आणि मेरीलँडमधल्या दोन संशोधन केंद्रांवर सुमारे दीड हजार रोपे वाढवली. त्यांतून मोजक्या जाती निवडल्या. कमी बियांच्या, जास्त गराच्या, कडवट चव मागे न ठेवणाऱ्या.

नावे नद्यांची दिली: शेनान्डोआ, सस्क्वेहाना, पोटोमॅक, अलेगेनी, वॉबॅश. ही सगळी नावे मूळ रहिवाशांच्या भाषांमधून आलेली.

आमच्या परसात शेनान्डोआ आणि सस्क्वेहाना आहेत. सासवडच्या आमच्या आळीत गोदाक्का आणि कृष्णाबाई होत्या.

२०
शॉनी लोकांच्या कालगणनेत सप्टेंबरच्या सुमाराचा एक महिना पॉपॉच्या नावाचा आहे. १८३० नंतरच्या काही वर्षांत शॉनींना ओहायोतून पश्चिमेला हलवले गेले.

२००९ मध्ये ओहायो राज्याने पॉपॉला राज्याचे देशी फळ जाहीर केले.

२१
सप्टेंबर १८०६. लुईस आणि क्लार्क यांची तुकडी पॅसिफिक महासागर पाहून मिसुरी नदीने परत येत होती. शिधा संपत आलेला. काठावर पॉपॉ पिकलेले. शेवटचे काही दिवस माणसांनी त्यावर काढले आणि, क्लार्कच्या रोजनिशीनुसार, ती समाधानात होती.

२२
जुने टोपणनाव: गरिबाचे केळे.

झाडाच्या आतल्या सालीपासून इथले मूळ रहिवासी दोर आणि मासेमारीची जाळी वळत.

२३
पॉपॉवर पूर्ण वेळ संशोधन करणारे विद्यापीठ म्हणजे फ्रँकफर्टची केंटकी स्टेट युनिव्हर्सिटी. काळ्या विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या जुन्या संस्थांपैकी एक. काम १९९० मध्ये सुरू झाले. देशभरातल्या पॉपॉच्या वाणांचा राष्ट्रीय संग्रह तिथेच आहे. अॅटवुड, बेन्सन, चॅपेल या जाती तिथून बाहेर पडल्या.

आमच्या पुरंदर तालुक्याच्या नावाची सीताफळाची एक जात राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिली: फुले पुरंदर. अण्णांच्या बागेत तिची चाळीस झाडे आहेत.

२४
सप्टेंबरचा पहिला आठवडा. पाड लागला. पहाटे दार उघडले आणि वास आला, केळे आणि आंबा एकत्र ठेवल्यासारखा. झाडाखाली दोन पडलेले.

२५
अण्णांचा फोन.
"डोळे उघडले का गं त्याचे?"
"याला डोळेच नाहीत, अण्णा. गुळगुळीत असतो."
"मग रंग बदलत असेल."
"फारसा नाही. हिरवाच राहतो. एखादा जरा पिवळसर होतो."
"मग पिकलं ते कळतं कसं?"
"अंगठ्यानं हलकं दाबायचं. दबलं की धरून जरा उचलायचं. सुटून हातात आलं तर पिकलं. ओढावं लागलं तर राहू द्यायचं."
"आणि नाहीच पाहिलं तर?"
"पडतं."
"म्हणजे रोज झाडापाशी जायला हवं."
"रोज."
"बरं आहे मग," अण्णा म्हणाले.

२६
पाच फळे कडक असताना काढून अण्णांच्या पद्धतीने आढी घातली. गवत नव्हते, म्हणून तांदळाच्या डब्यात. सीताफळ तीन-चार दिवसांत मऊ होते. हे आठ दिवसांत काळे पडले आणि आत कडकच राहिले. जरा तरी मऊ झाल्यावर काढलेला पॉपॉ घरात पिकतो. कडक काढलेला पिकत नाही.

२७
रात्री रॅकून येतात. पिकलेला पॉपॉ त्यांना आपल्या आधी कळतो. सकाळी झाडाखाली चाटून पुसून साफ केलेल्या बिया आणि साली सापडतात. झाडाखाली पेंढा पसरला आहे. पडलेले फळ फुटत नाही. संध्याकाळी एक फेरी आणि पहाटे एक. मधली रात्र त्यांची.

२८
खायची रीत. मधोमध आडवा कापावा. आत पिवळा, केशरीकडे झुकणारा गर, सायीसारखा दाट, आणि दोन रांगांत दहा-बारा बिया. चमच्याने खावा. साल खाऊ नये. बी चावू नये. जिभेवर आधी केळे, मग हापूसची आठवण, मग सीताफळाचा तो रवाळपणा नसलेला गोडवा. शेवटी घशापाशी हलकी कडवट किनार. ती सस्क्वेहानात जवळजवळ नाही.

२९
सावधगिरी. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन चमचेच खावे. काही जणांना मळमळते, अंगावर चट्टे येतात. गराची पोळी वाळवू नये. वाळवलेला पॉपॉ बऱ्याच जणांना बाधतो. बियांत आणि सालीत विषारी द्रव्ये आहेत. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी केसांना लावतात आणि ती डोळ्यांत गेली तर डोळ्यांना इजा होते; तिच्यातली द्रव्येही याच घराण्यातली. गरातही अॅनोनासिन नावाचे असेच एक द्रव्य असते. म्हणून हे फळ हंगामात, हाताने मोजून खायचे आहे, वर्षभर नाही. शेजाऱ्यांना फळ देताना हे सगळे कागदावर लिहून पिशवीत टाकते.

३०
बासुंदी. दूध नेहमीसारखे आटवावे आणि पूर्ण गार होऊ द्यावे. गर पुरणाच्या चाळणीतून घासून काढावा. बिया वर राहतात. गार दुधात गर मिसळावा. गरम दुधात घातला तर वास उडून जातो. सीताफळाच्या बासुंदीला आईचा नियम हाच होता. वेलची घालू नये.

२०२३ मध्ये गणपती सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आले. पाच फळांत एक पॉपॉ ठेवला. नैवेद्याला हीच बासुंदी.

३१
कोलंबसपासून दीड तासावर, आल्बनीजवळ, लेक स्नोडेन. तिथे सप्टेंबरच्या मध्यावर ओहायो पॉपॉ महोत्सव भरतो; तो १९९९ मध्ये सुरू झाला. सर्वांत चांगला पॉपॉ, सर्वांत मोठा पॉपॉ अशा स्पर्धा. पॉपॉचे आइस्क्रीम, पॉपॉची बिअर. एक आजी मांडीवर टोपली घेऊन बसल्या होत्या. एकेक फळ हुंगून बाजूला ठेवत होत्या. मला म्हणाल्या, "हे आज खा. हे उद्या. हे मात्र आत्ता, इथेच."

३२
पिकलेला पॉपॉ बाहेर दोन-तीन दिवस टिकतो. किंचित कच्चा काढून फ्रीजमध्ये ठेवला तर तीन आठवड्यांपर्यंत. साल पातळ; बोट दाबले तिथे डाग पडतो. ट्रकमधून दूर जात नाही, रचून ठेवता येत नाही, रंगावरून निवडता येत नाही. बाजारात न दिसण्याची सगळी कारणे एवढीच. यात चवीची एकही तक्रार नाही.

गर काढून फ्रीझरमध्ये ठेवला तर दिवाळीपर्यंत सहज राहतो.

३३
या वर्षी दोन झाडांचे मिळून चौऱ्याऐंशी पॉपॉ झाले. वाटे केले. डावीकडच्या घरी आठ, उजवीकडे आठ, समोरच्या बाईंना सहा. त्यांच्या आईने केंटकीत लहानपणी हे खाल्ले होते आणि पुढे सत्तर वर्षे पाहिले नव्हते. आजोबांकडे घेऊन गेले तेव्हा त्यांनी आत बोलावले. टेबलावर त्यांच्याच राईतल्या पॉपॉचे एक मोठे पातेले भरलेले होते.

३४
अण्णा म्हणाले, "दोन बिया पाठव ना." परवान्याशिवाय बी भारतात पाठवता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कीड आणि रोग बियांबरोबर प्रवास करतात. शिवाय पॉपॉला चांगली चारशे तासांची थंडी लागते. ती सासवडला नाही. अण्णांना फोटो पाठवला. कापलेला पॉपॉ आणि शेजारी अडकित्ता. ते म्हणाले, "बी बघितलं. आपल्यातलंच आहे."

३५
२०१९ च्या बियांच्या रोपांना या एप्रिलला पहिली फुले आली. तीन झाडांवर मिळून नऊ. मुलीने स्वतः ब्रश मागून घेतला. करंडा तिला कुठे असतो ते माहीत आहे.

३६
ज्यांच्याकडे कडक हिवाळा आहे, दमट उन्हाळा आहे आणि परसात सोळा फुटांची जागा आहे, त्यांना एक सांगणे. पॉपॉ लावा. सोटमूळ न दुखावता, लहान रोप लावा. पहिली दोन वर्षे सावली द्या. आणि कोणी काहीही सांगितले तरी एक लावू नका. दोन लावा, वेगवेगळ्या जातींचे.